शेकाट्यापुढची फुली

बाळ खांबेटे यांना आयुष्यात दोन प्रकारच्या माणसांचा मनस्वी राग होता. पक्षी बघताना बडबड करणाऱ्यांचा, आणि अंदाजपंचे दाहोदरसे आकडे ठोकून देणाऱ्यांचा. नाताळाच्या आठवड्यातली उपनगरांची पक्षीगणना त्यांनीच सुरू केली. बोरिवलीचं जंगल, पवईचा तलाव, वर्सोव्याची खाडी, मुलुंडची मिठागरं, अशा जागा जोड्याजोड्यांना वाटून दिल्या आणि नियम घालून दिले. जोडीतल्या एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. बघणाऱ्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढायची नाही, लिहिणाऱ्याने कागदावरून मान उचलायची नाही. मोजता येतील तेवढे मोजायचे. थवा एवढा असला की मोजणंच शक्य नाही, तर मनाचा आकडा घालायचा नाही. त्या पक्ष्याच्या नावापुढे सरळ फुली मारायची. फुली म्हणजे, पक्षी आहे, पण मोजलेला नाही.

हा नियम सरांनी कुठे लिहून ठेवला नाही. तोंडी सांगितला आणि सगळ्यांनी पाळला. सर गेले तरी पाळला. तोंडी नियमाचं असंच असतं. पाळणाऱ्याच्या सचोटीवर तो चालतो, आणि एके दिवशी तिच्यावरच आपटतो.

रत्नप्रभा घाडी ही लिहिणारी. एकोणीस वर्षं ती एकाच माणसाचं बोलणं लिहीत आली होती. बघणाऱ्या होत्या जयंती दिवेकर. मुलुंडच्या एका कॉलेजात जयंतीमॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या आणि त्याच प्रयोगशाळेत रत्नप्रभा अटेंडंट होती. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तशी बारावीला तिचं शिक्षण थांबलं. अक्षर मात्र मोत्यासारखं. आम्लांच्या बाटल्यांवरच्या तिच्या चिठ्ठ्या बघून मॅडम म्हणाल्या होत्या, "रत्ना, येत्या पंचवीस तारखेला माझ्याबरोबर चल. नुसतं लिहायचं आहे."

पहिल्या वर्षी तिला कावळा, चिमणी, घार आणि बगळा एवढेच ओळखू यायचे. पाचव्या वर्षापासून मॅडमनी नाव घ्यायच्या आत तिची पेन्सिल त्या ओळीवर जाऊन थांबायला लागली. नियम काही का असेना, मान वर जातेच. माणूसच आहे ते, पाटी नव्हे. मॅडमना ते माहीत होतं आणि त्या काही म्हणायच्या नाहीत.

निवृत्तीनंतर मॅडम एकदा म्हणाल्या, "आता कसली मॅडम गं? अरे-तुरे कर मला. मैत्रिणी आहोत ना आपण." रत्नप्रभाने प्रामाणिकपणे करून पाहिलं. 'जयंती, तू' एवढं जमलं, पण पुढे 'चहा घेणार का' म्हणेपर्यंत त्याचं 'घ्याल का' झालं. दोघी पोट धरून हसल्या. ते 'तुम्ही' मग कायम राहिलं आणि दोघींपैकी कुणालाच त्याचं काही वाटेनासं झालं.

मागच्या नाताळात दोघी गुणाजीच्या मिठागरावर होत्या. गुणाजी नावाच्या जुन्या आगऱ्याचं हे आगर. मीठ पिकवणं कधीच बंद झालं होतं, पण वाफ्यांत भरतीचं पाणी साठायचं आणि हिवाळ्यात पाखरं उतरायची. सव्वासात वाजले होते. धुकं जरा वर सरकलं आणि मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला.

"अगं रत्ना... शेकाटे. अगं, हे कितीत. पाचशे... नाही गं, हे मागे अजून बसलेत. आता उठतायत बघ. नाही मोजता येत. फुली मार."

रत्नप्रभाने 'शेकाट्या' या नावापुढे फुली मारली, आणि मग बेधडक मान वर केली. लांब गुलाबी पायांचे काळेपांढरे पक्षी एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, जिथे पाणी होतं तिथे सगळीकडे. एक बाजू उठत होती, दुसरी बसत होती. रत्नप्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं आपण दोन रेघांत बसवलं, याचा तिला अभिमानच वाटला. त्या सकाळी तक्त्यावर नऊ फुल्या पडल्या. एकोणीस वर्षांत एवढ्या कधीच पडल्या नव्हत्या. परतताना दोघींनी स्टेशनाबाहेर इडली खाल्ली आणि पैसे कोणी द्यायचे यावरून नेहमीसारखं भांडून घेतलं.

ऑगस्टात दीप्तीचा फोन आला. दीप्ती घाटकोपरच्या शाळेत शिकवते, सरांच्या मागे गणनेच्या मंडळाचा कारभार तीच बघते.

"ताई, आपली वाट लागलीय. गुणाजीच्या मिठागरावर गोदामं येतायत. कंपनीने पक्ष्यांचा अहवाल केलाय, आपलेच तक्ते घेऊन. मीच दिले ना मागितले तेव्हा, मूर्खासारखे. त्यात काय लिहिलंय ऐका. शेकाट्या, आढळला नाही. तुतवार, आढळला नाही. नऊच्या नऊ, आढळला नाही. आणि मागे तुमच्या अक्षरातला तक्ता जोडलाय, पुरावा म्हणून. ऑक्टोबरात सुनावणी आहे."

रत्नप्रभाला आधी हसूच आलं. कचेरीतल्या माणसाला फुली म्हणजे काट मारलेली वाटणार, त्याचा काय दोष? जाऊन सांगितलं की झालं. त्या नऊ ओळींवर मिठागर जाणार की राहणार हे ठरणार होतं, आणि त्या नऊ ओळींचा अर्थ सांगायला दोन जित्याजागत्या बायका होत्या. अहवालाची छापील प्रत घेऊन ती त्याच संध्याकाळी मॅडमकडे निघाली. रिक्षात बसल्याबसल्या तिने शेवटचं पान उलटलं. अहवाल तयार करणार, गंधाली दिवेकर.

गंधाली मॅडमची एकुलती मुलगी. घटस्फोटानंतर परत आईकडे आलेली, आणि दोन वर्षं शोधून ही नोकरी मिळालेली. कॉलेजात असताना ती चार वर्षं गणनेला आली होती. एका वर्षी रत्नप्रभा तापाने आजारी होती तेव्हा आईचं बोलणं तिनेच लिहून घेतलं होतं, आणि त्या तक्त्यावर तिच्या हातच्या तीन फुल्या होत्या. बाळ सरांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिलेली रत्नप्रभाला लख्ख आठवत होती. म्हणजे हा कचेरीतल्या अडाण्याचा घोटाळा नव्हता.

मॅडमनी शेवटचं पान बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चुकून झालं असेल गं. एकेका महिन्यात पाच-पाच अहवाल करतात ही मुलं. मी बोलते तिच्याशी."

"आणि नाही बदललं तर?"

"तर सुनावणीत मी सांगीन ना. बघणारी मी आहे. फुलीचा अर्थ माझ्याशिवाय कोण सांगणार?"

रत्नप्रभा निर्धास्त घरी आली. माणसावर एकोणीस वर्षं विश्वास टाकला की विसाव्या वर्षी तो तपासून बघायची आठवण राहत नाही.

सुनावणी ऑक्टोबरात, मुलुंडच्या एका सभागृहात झाली. कंपनीची माणसं पुढच्या रांगेत होती. गंधाली त्यांच्यात होती आणि फाइल चाळत होती. मंडळाकडून आधी दीप्ती बोलली. आमची पद्धत किती काटेकोर आहे हे पटवून द्यायच्या भरात तिने सरांचे सगळे नियम सांगितले. बघणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही. मग फुलीचंही सांगितलं. सुनावणी घेणारे अधिकारी सभ्य होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या दिवशी तुम्ही तिथे होतात?"

"नाही. मी पवईला होते."

"मग त्या दिवशीच्या खुणेबद्दल त्या दिवशीच्या निरीक्षकांनाच विचारू. दिवेकर मॅडम?"

जयंतीमॅडम उठल्या. फिकट जांभळी साडी, खांद्याला पर्स. प्रयोगशाळेत मुलांना सूचना द्यायच्या त्याच आवाजात बोलल्या.

"तक्ता लिहायचं काम माझ्या मदतनीस करतात. मी दुर्बिणीत होते. कुठली खूण त्यांनी कशासाठी केली, ते मला नाही सांगता येणार."

"शेकाटे होते का त्या दिवशी?"

"असतील थोडेफार. वर्ष होत आलं. माझ्याकडे आकडा नाही."

आकडा नाही हे खरंच होतं. तेवढं एक खरं त्यांनी शोधून ठेवलं होतं.

रत्नप्रभा न बोलावताच उभी राहिली. 'मदतनीस' हा शब्द तिच्या कानात मच्छरासारखा गुणगुणत होता. अधिकाऱ्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. बारावी, ती म्हणाली, कॉलेजात लॅब अटेंडंट होते. पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून बघितलं.

"पक्षी तुम्ही स्वतः पाहिलेत?"

"पाहिले. डोळ्यांनी पाहिले. मिठागर भरलं होतं साहेब, पाणी दिसत नव्हतं."

"पण लिहिणाऱ्याने मान वर करायची नसते, असा तुमच्याच मंडळाचा नियम आहे. आत्ताच ऐकला आपण."

"मी केली होती वर."

"म्हणजे नियम मोडला?"

तिने मॅडमकडे बघितलं. मॅडम पर्सची चेन लावत होत्या, उघडत होत्या, परत लावत होत्या. खोटं बोलणाऱ्या बाईला बसायला खुर्ची मिळाली होती आणि खरं बोलणारी उभी राहून नियम मोडल्याची कबुली देत होती.

"हो," रत्नप्रभा म्हणाली.

"ठीक आहे. तुमच्या भावना नोंदवून घेतो, बाई," अधिकारी म्हणाले. त्यांनी खरोखरच काहीतरी लिहून घेतलं. निरीक्षकाची नोंद आणि लिहिणारीच्या भावना, असा सरकारी कागदावर हिशेब चुकता झाला.

सभागृहाच्या पायऱ्यांवर मॅडम थांबल्या होत्या.

"रत्ना, चल, रिक्षा केलीय. सोडते तुला."

रत्नप्रभा हलली नाही.

"तिची नोकरी गेली असती गं. अहवाल खोटा ठरला की तिचं नाव काळ्या यादीत. परत घरात बसली असती, त्या दोन वर्षांसारखी. दार लावून बसायची, माहितीय ना तुला? जेवायची नाही. तू असतीस माझ्या जागी तर काय केलं असतंस? आणि तुझं काय जाणार आहे यात? तुला कोण विचारणार आहे?"

हे शेवटचं वाक्य मॅडमना तसं म्हणायचं नसेल. समजूत घालायच्या घाईत निघून गेलं असेल. पण माणूस घाईत बोलतो तेच वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं असतं. आपला तो बाब्या, हे रत्नप्रभाला समजत होतं. मुलीसाठी आई खोटं बोलली, हे एक वेळ तिने गिळलंही असतं. पण मॅडमना नुसतं गप्प राहूनही भागलं असतं. मॅडमनी ती फुली उचलून तिच्या पदरात टाकली होती.

"तू बोललीस," रत्नप्रभा म्हणाली, "मी लिहिलं."

एकोणीस वर्षं जिभेवर न टिकलेलं 'तू' असं आलं. मॅडमनी चमकून बघितलं. रत्नप्रभा पायऱ्या उतरून बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

घरी अंबादासने, तिच्या नवऱ्याने, तिचं तोंड बघून विचारलं, "तुका कोणी सांगल्यान होता थंय जावक?" तिने भाताचा कुकर लावला. रात्री ताटावर बसल्यावर ती एवढंच म्हणाली की मीठ जास्त झालंय का बघा.

परवानगी दिवाळीनंतर मिळाली. डिसेंबर उजाडेपर्यंत गुणाजीच्या मिठागराला हिरव्या पत्र्यांचं कुंपण पडलं आणि डंपर यायला लागले. यंदाच्या गणनेच्या यादीतून दीप्तीने ते नाव काढून टाकलं. फोनवर ती अडखळत बोलली.

"ताई, तुम्हाला वर्सोवा देऊ? म्हणजे... जयंतीमॅडमनी नाव दिलंय. जोडी नेहमीचीच, असं लिहिलंय त्यांनी. तुम्ही नाही म्हणालात तर मी सांगते त्यांना काहीतरी."

"नाही कशाला? येईन की," रत्नप्रभा म्हणाली.

पंचवीस तारखेला सकाळी सात वाजता वर्सोव्याच्या धक्क्यावर मढची पहिली फेरी सुटत होती. बांबूंवर बोंबील सुकत होते, होड्यांच्या मागे कुरव, म्हणजे आपले सीगल, घिरट्या घालत होते. मॅडम आधीच येऊन थांबल्या होत्या. वर्षभरात वाळल्या होत्या. त्यांनी थर्मासमधून चहा काढला, आलं घातलेला, रत्नप्रभाला आवडतो तसा. रत्नप्रभाने तो घेतला, संपवला आणि कप विसळून परत दिला. मग पाटीला कागद लावून ती लिहायला बसली.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. 'तुम्ही' परत आलं होतं. पहिलं 'तुम्ही' मायेचं होतं. हे बँकेतल्या खिडकीवरचं होतं.

"पाणकावळे, चार. मोठा बगळा, एक. खंड्या, एक." मॅडम सांगत होत्या, रत्नप्रभा लिहीत होती. आज तिने मान एकदाही वर केली नाही. सरांचा नियम असा काटेकोर एकोणीस वर्षांत तिने पाळला नव्हता. मध्येच एका होडीने उरलेली मासळी पाण्यात फेकली आणि खाडीवरचे सगळे कुरव एकदम तिच्यावर तुटून पडले. कलकलाट झाला. मॅडम दुर्बीण लावून इकडून तिकडे वळत राहिल्या.

"बाप रे. अगं, हे नाही मोजता येत. फुली मार."

बोलून गेल्या आणि त्यांनी दुर्बीण खाली घेतली. रत्नप्रभाची पेन्सिल 'कुरव' या ओळीवर आधीच येऊन थांबली होती. तिने ती उचलली नाही आणि टेकवलीही नाही.

"फुली ही माझी खूण ना मॅडम? तिचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही. आकडा सांगा."

"रत्ना..."

"आकडा सांगा. मी मदतनीस आहे, सांगाल ते लिहीन."

मॅडमनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. दहा, वीस, तीस असं पुटपुटायला लागल्या. थवा फुटला की पुन्हा पहिल्यापासून. मग त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवले. दुर्बिणीच्या खालून त्यांच्या गालावर पाणी उतरत होतं, ते पुसायलाही त्यांनी दुर्बीण काढली नाही. रत्नप्रभाला ते मान वर न करताही कळत होतं. तिला दया आली नाही. आपल्याला दया येत नाहीये, याचं तिला वाईट वाटलं, पण तेवढंच. शेजारी बोंबील उलटवणाऱ्या कोळणीने विचारलं की या बाईंचं काय हरवलंय. रत्नप्रभा म्हणाली, काही नाही, त्या मोजतायत.

अर्धा तास गेला. कुरव पांगले.

"चारशे दहा," मॅडम म्हणाल्या.

"नक्की?"

"नाही गं. नक्की नाही."

रत्नप्रभाने चारशे दहा लिहिलं. बाळ सरांनी तिला कधीच माफ केलं नसतं.

संध्याकाळी घाटकोपरला दीप्तीच्या घरी सगळ्या जोड्यांचे तक्ते जमा झाले. बोरिवलीचा आला, पवईचा आला. दीप्ती एकेक कागद तपासून संगणकात भरत होती आणि रत्नप्रभा शेजारी बसून तिला वाचून दाखवत होती. वर्सोव्याचा कागद हातात आला तेव्हा दीप्ती थांबली. वरच्या कोपऱ्यात हजेरीचा चौकोन होता. रत्नप्रभाच्या नावापुढे एकचा आकडा होता. त्याखाली, 'जयंती दिवेकर' या नावापुढे, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, एक फुली होती.

"ताई, हे काय? मॅडम आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या."

"मग फुली?"

रत्नप्रभाने पिशवीत चष्मा ठेवला, पिशवीचा बंद ओढून गाठ मारली आणि उठली.

"फुलीचा अर्थ तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आहेत. मी मोजत नाही."